बोईसरच्या गल्लीतली दोन मिनिटे

आज मी तुम्हाला एका सहलीला नेणार आहे. सहल म्हटली की तुमच्या डोळ्यांपुढे लगेच महाबळेश्वर, रायगड नाहीतर अजिंठा उभा राहतो. आपली सहल तेवढी लांबची नाही बरं का! पालघर ते बोईसर, मधे एकच स्टेशन, आणि तिथून पुढे तारापूर-चिंचणीचा समुद्र. पाण्याची बाटली घ्या, टोपी घ्या आणि चला. वाटेत आपण कारखाने पाहू, किल्ला पाहू, आणि मधेच एका टीव्हीच्या पडद्यात शिरून चाकांच्या फळीवरून उड्याही मारू. पडलो तर? पडल्यावर काय होते, तेच तर पाहायला आपण निघालो आहोत.

मी पालघरला राहते आणि बोईसरजवळच्या एका प्राथमिक शाळेत पाचवीला शिकवते. आमचे पालघर तसे जुनेच गाव, पण जिल्हा म्हणून अगदी नवे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर वेगळा झाला. गावात पाचबत्ती नावाचा चौक आहे. १४ ऑगस्ट १९४२ रोजी 'चले जाव' चळवळीत इथे गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मे झाले. त्यांच्या आठवणीचा स्तंभ तिथे उभा आहे. या चौकाची आठवण ठेवा, शेवटी तो आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

तर दिवाळीची सुट्टी संपल्यानंतरचा पहिला रविवार. सकाळची डहाणू लोकल पकडली. ही लोकल २०१३ सालापासून डहाणूपर्यंत धावू लागली. त्याआधी विरारच्या पुढच्या माणसांची भिस्त शटलवर आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांवर असायची. डब्यात मासळीच्या टोपल्या, भाजीचे भारे आणि रविवार असूनही डबा घेऊन ड्युटीवर निघालेली माणसे. खिडकीबाहेर भाताची कापणी झालेली शेते. उमरोळी आले, गेले, आणि पंधरा मिनिटांत बोईसर!

बोईसर स्टेशनबाहेर पाच मिनिटे नुसते उभे राहा. किती भाषा कानावर पडतात! मराठी, हिंदी, गुजराती, भोजपुरी, उडिया. आणि त्यातच इथल्या वाडवळी, मांगेली, वारली या आपल्या बोली. ही सगळी माणसे इथे कशाने जमली? कारखान्यांनी. तारापूर औद्योगिक वसाहत म्हणतात ती हीच. नाव तारापूरचे, पण उतरायचे बोईसरला. औषधे, रसायने, कापड, पोलाद, काय काय इथे बनते! भारतातले पहिले अणुवीज केंद्रही याच तारापूरचे. १९६९ साली ते सुरू झाले, तेव्हा तुमचे आजी-आजोबा शाळेत असतील.

पण मी काही कारखाना पाहायला गेले नव्हते. मी गेले होते एका मुलाच्या घरी.

त्याला आपण बंड्या म्हणू. खरे नाव छापले तर तो माझ्याशी कट्टी करील. बंड्या माझ्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसतो. मोठ्याने वाचायची वेळ आली की त्याचे पोट दुखायला लागते. फळ्यावर गणित सोडवायला बोलावले की खडू हातात धरून नुसता उभा. सुट्टीनंतर शाळा सुरू झाली आणि पहिले तीन दिवस बंड्या आलाच नाही. म्हटले, आपणच जाऊन पाहावे.

चाळीतली एक खोली आणि पुढे पडवी. आईने दार उघडले आणि तोंडावर बोट ठेवून हळूच म्हणाली, "बाई, या. ह्याचे बाबा नाईट करून आलेत, झोपलेत." खोलीच्या एका कोपऱ्यात बाबा पांघरूण घेऊन झोपलेले. दुसऱ्या कोपऱ्यात टीव्ही चालू, पण आवाज पूर्ण बंद. आणि टीव्हीसमोर मांडी घालून कोण? आमचा बंड्या! पोटदुखीचे नाव नाही. शेजारी त्याची धाकटी बहीण गुडघ्यांवर हनुवटी टेकून बघत बसलेली.

"तुम्हीच सांगा बाई ह्याला काहीतरी," आई म्हणाली. "मामानं जुनी वस्तू म्हणून हा डबा आणून दिला, तेव्हापासून हे असं."

तो डबा म्हणजे जुने प्लेस्टेशन. आणि आत चालू असलेला खेळ होता 'टोनी हॉक्स प्रो स्केटर'चा दुसरा भाग. या खेळाचा पहिला भाग आला १९९९ साली आणि दुसरा २००० साली. म्हणजे हा खेळ बंड्यापेक्षा वयाने कितीतरी मोठा. तो निघाला तेव्हा मी स्वतः चौथीत होते!

खरे सांगते, मी रागवायच्या तयारीनेच गेले होते. पण झोपलेल्या माणसाच्या उशाशी रागावणार कसे? म्हणून मीही मांडी घालून बसले आणि कुजबुजत विचारले, "काय आहे रे हे? मला शिकव बघू."

आणि वर्गात तोंडातून अक्षर न काढणारा बंड्या अर्धा तास बोलत राहिला. हळू आवाजात, पण न थांबता.

पडद्यावर एक मुलगा चाकांच्या फळीवर उभा असतो. ही फळी म्हणजे स्केटबोर्ड. पहिली लेव्हल म्हणजे विमाने ठेवायचा एक मोठा हँगर. दोन्हीकडे चढ-उतार, मधे घसरायला लोखंडी दांडे. हातातल्या कंट्रोलवर चार बटणे असतात. फुलीचे बटण दाबून सोडले की फळीसकट उडी. या उडीला म्हणतात 'ऑली'. चौकोन दाबला की हवेत फळी गरगर फिरते. गोल दाबला की खेळाडू हवेत फळी हाताने पकडतो. आणि त्रिकोण दाबला की दांड्यावर चढून घसरत जातो. त्याला म्हणतात 'ग्राइंड'.

हे सगळे करायला वेळ किती? फक्त दोन मिनिटे! त्या दोन मिनिटांत ठरलेली कामे करायची. अमुक इतके गुण मिळवायचे, इंग्रजी 'स्केट' या शब्दाची पाच अक्षरे गोळा करायची, लपवलेली एक टेप शोधायची. दोन मिनिटे संपली की पुन्हा पहिल्यापासून.

"पण बाई, खरी गंमत गुणाकारात आहे," बंड्या म्हणाला.

माझे कान टवकारले. गुणाकार? आणि तो बंड्याच्या तोंडून?

ऐका हं. समजा, तुम्ही एक उडी मारली आणि सरळ खाली आलात, तर त्या उडीचे गुण तेवढेच. पण एका करामतीतून न थांबता दुसरी केली, दुसरीतून तिसरी केली, तर सगळ्यांच्या गुणांची बेरीज होते आणि जितक्या करामती, तितक्याने ती बेरीज गुणली जाते. एक करामत १०० ची, दुसरी २०० ची, तिसरी ३०० ची असेल, तर बेरीज ६००. करामती तीन, म्हणून सहा त्रिक अठरा, म्हणजे १८००! याला म्हणतात 'कॉम्बो'. दोन उड्यांच्या मधे साखळी तुटू नये म्हणून 'मॅन्युअल' करायचे. म्हणजे पुढची चाके उचलायची आणि मागच्या दोन चाकांवर तोल सांभाळत पुढे जायचे. तेव्हा पडद्यावर एक काटा डुलत असतो. तो एका बाजूला कलंडला की संपलेच.

आणि साखळीच्या शेवटी पडलात तर? त्या साखळीचे सगळे गुण शून्य! म्हणून प्रत्येक वेळी मनाशी ठरवावे लागते, आता थांबून आहे ते पदरात पाडून घ्यायचे की अजून एक उडी मारायची. आणखी एक गोष्ट. तीच ती उडी पुन्हा पुन्हा मारली, तर दर वेळी तिचे गुण कमी होत जातात. घोकंपट्टीला इथे भाव नाही!

बंड्याने चार करामतींची एक साखळी केली. मी पाहत होते, पण आकडा यायच्या आतच तो पुटपुटला, "अकराशे. अकरा चोक चव्वेचाळीस. चार हजार चारशे." पडद्यावर तोच आकडा आला.

हा मुलगा फळ्यासमोर दोन अंकी गुणाकार करत नाही म्हणून मी ऑगस्टमध्ये त्याच्या आईला शाळेत बोलावले होते.

मग मी हातात कंट्रोल घेतले. काय सांगू तुम्हाला! पहिली उडी भिंतीवर. दुसरी उडी आडवी. फळी एकीकडे, मी दुसरीकडे. बंड्याची बहीण तोंडावर हात धरून खुदखुदत होती. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली. पडले की पडद्यावरचा खेळाडू लगेच उठत होता. ना टोमणा, ना उपदेश, ना ओरडा. पडलास? बरं. हा पुन्हा उभा राहिलास. चल.

काम पूर्ण झाले की खेळात पैसे मिळतात आणि त्या पैशांतून खेळाडूची ताकद वाढवता येते. वेग, उंच उडी, गिरकी, दांड्यावरचा तोल, नीट उतरणे, अशा दहा गोष्टी. कशावर किती खर्च करायचा ते तुम्ही ठरवायचे. बंड्याने सुरुवातीला सगळे पैसे वेगावर घातले.

"मग काय झालं?"

"काय होणार? जोरात पडायला लागलो," बंड्या म्हणाला. "मग तोलाला घातले. मग उतरण्याला. आता वेग चालतो."

मुलांनो, हे वाक्य मी माझ्या वहीत लिहून ठेवले आहे. आधी तोल, मग उतरणे, मग वेग. डी.एड.ला आम्हाला जाडजूड पुस्तकांतून हेच शिकवले होते. पण पाचवीच्या वर्गात जून महिन्यापासून मी काय वाढवत होते? वेग! धडा संपला पाहिजे, पुढचा धडा, पुढची चाचणी.

मी त्याला विचारले, "बंड्या, इथं तू इतका पडतोस, तरी कंटाळत नाहीस. मग वर्गात एकदा चुकलास की लगेच पाटी टाकून का देतोस?"

तो बराच वेळ बोलला नाही. पडद्यावरचा खेळाडू एका जागी उभा होता. मग कंट्रोलकडे बघत म्हणाला, "बाई, ह्याच्यात जमलेलं लिहून ठेवतात. न जमलेलं लिहून ठेवत नाहीत."

खरेच होते ते. त्या खेळात एक काम पूर्ण केले की त्यापुढे कायमची खूण होते. त्याआधी तुम्ही पन्नास वेळा पडला असाल, तरी त्याची नोंद कुठेच राहत नाही.

आणि माझ्या वर्गात? भिंतीवर मी मोठ्या हौसेने पुठ्ठ्याची 'वाचनाची शिडी' लावली होती. प्रत्येकाच्या नावाची रंगीत चिठ्ठी, जो छान वाचेल त्याची चिठ्ठी वरच्या पायरीवर. जूनपासून बंड्याची चिठ्ठी सगळ्यांत खाली. वर्गात येणारा प्रत्येक जण, अगदी शिपाईकाकासुद्धा, ती वाचत होते. मला वाटायचे, शिडी पाहून मुले चढतील. चढणारी चढलीच. पण खाली उभ्या असलेल्याला रोज सकाळी काय दिसत असेल, हा विचार मी केला नव्हता. चहाचा कप माझ्या हातात तसाच निवला.

आता या खेळाला ज्याचे नाव दिले आहे, त्या टोनी हॉकची गोष्ट ऐका. तो अमेरिकेचा. हवेत अडीच गिरक्या घेऊन पुन्हा फळीवर उतरायचे, ही करामत तोपर्यंत स्पर्धेत कोणालाच साधली नव्हती. एक गिरकी ३६० अंशांची, म्हणजे अडीच गिरक्या किती अंशांच्या? ९००! म्हणून तिचे नावच 'नाइन हंड्रेड'. २७ जून १९९९ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या स्पर्धेत तो ती करायला गेला आणि हजारो लोकांसमोर एकामागून एक अकरा वेळा चुकला. बाराव्या वेळी जमले. तेव्हा तो ३१ वर्षांचा होता. आज जगाला तो बारावा प्रयत्न आठवतो. पण आधीचे अकरा प्रयत्न करू दिले नसते, तर बारावा आला असता का?

एवढ्यात बहिणीने माझा पदर ओढला. "बाई, दादाची खरी गाडी बघायची?"

चाळीच्या मागे एक बंद गल्ली आहे. थोडा उतार, गुळगुळीत काँक्रीट. तिथे बंड्याने आणि त्याच्या मित्रांनी बेअरिंगची गाडी ठेवली होती. गॅरेजमधून मागून आणलेली चार जुनी बेअरिंगे, खोक्याची एक जाड फळी आणि खिळे. उतारावरून सोडली की खर्रर्र असा आवाज करत निघते. कारखान्यांच्या गावात बेअरिंगांना काय तोटा!

गंमत म्हणजे, खऱ्या स्केटबोर्डचा जन्मही असाच झाला. १९५० च्या दशकात अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर लाटांवर फळी घेऊन खेळणारी मुले होती. लाटा नसल्या की करायचे काय? कोणीतरी पायात बांधायच्या स्केटची चाके काढून लाकडी फळीला ठोकली. आधी धातूची चाके, मग मातीची भाजलेली. ती खड्यावर अडकायची आणि मुले तोंडावर आपटायची. १९७० च्या दशकात पॉलियुरेथेनची मऊ पण चिवट चाके आली आणि मग हा खेळ सुसाट सुटला. म्हणजे बोईसरच्या गल्लीतली ही गाडी स्केटबोर्डच्या पणजोबांची सख्खी नातेवाईक!

बंड्या गाडीवर उभा राहिला. टीव्हीवर चार हजार गुण मिळवणारा हा वीर दहा पावलांवर धप्पकन पडला. गुडघा खरचटला, डोळ्यांत पाणी आले. कुठलेही बटण दाबून तो गुडघा बरा होणार नव्हता. पैसे मोजून तोल विकत मिळणार नव्हता. खेळात फुली दाबली की प्रत्येक वेळी उडी होते. पण खरी ऑली शिकायची तर मागच्या पायाने फळीचे शेपूट जमिनीवर आपटायचे, त्याच क्षणी उडायचे आणि पुढचा पाय फळीवरून घासत पुढे न्यायचा. हे शिकायला महिनेच्या महिने लागतात. ॲलन गेलफंड नावाच्या मुलाने ही उडी शोधली. त्याचे टोपणनाव 'ऑली', म्हणून उडीही ऑली. तेव्हा खेळ खोटे बोलतो तो इथे, हे ध्यानात ठेवा. पडल्यावर उठायचे, हे तो खरे सांगतो. पडल्यावर लागत नाही, हे खोटे.

दुपारी बाबा उठले. ते कारखान्यात फिटर आहेत. म्हणाले, "बाई, आलाच आहात तर चिंचणीला चला. माझ्या बहिणीकडं जायचंय, समुद्रही बघून होईल." मग काय, आम्ही सगळे रिक्षात. बंड्याने मांडीवर गाडी घेतली होती. कितीही सांगितले तरी ऐकेना.

औद्योगिक वसाहतीतून जाताना नाकाला कधी आंबट, कधी गोडसर वास येतो. टँकर आणि ट्रक यांच्या मधून रिक्षा वाट काढते. मग हळूहळू ताडाची आणि नारळाची झाडे दिसू लागतात, हवा खारट होते आणि तारापूर येते. इथला किल्ला पोर्तुगीजांचा होता. १७३९ साली चिमाजी आप्पांच्या वसईच्या मोहिमेत मराठ्यांनी तो जिंकला. तिथून खाडीपलीकडे चिंचणी.

ओहोटी होती. ओली वाळू दूरवर पसरलेली, अगदी सिमेंटच्या अंगणासारखी. बंड्याच्या खेळातही एक समुद्रकाठची लेव्हल आहे, तिथे फळी कशी भरधाव धावते! त्याने मोठ्या ऐटीत गाडी वाळूवर ठेवली, पाय दिला, आणि गाडी जागच्या जागी रुतली. जोर लावून ओढली तर बेअरिंगात वाळू गेली आणि चाके फिरेनाशी झाली. खेळात समुद्र असतो, पण वाळू आणि खारी हवा नसते.

बंड्या रडवेला झाला. बाबा काही बोलले नाहीत. बहिणीच्या घरून त्यांनी थोडे घासलेट आणि जुना दातांचा ब्रश मागवला, अंगणात बसून एकेक बेअरिंग धुतले, फुंकर मारली, तेलाचे दोन थेंब सोडले. बोटाने फिरवून बंड्याच्या कानाशी धरले. "ऐक, आता बोलतंय का?"

मग माझ्याकडे बघून हसत म्हणाले, "बाई, कंपनीत बेअरिंग आवाज करायला लागलं की आम्ही त्याला तेल देतो. शिव्या देऊन ते काय फिरतंय?"

ते बेअरिंगबद्दलच बोलत होते. मला मात्र माझी पुठ्ठ्याची शिडी आठवली.

परतताना मी दोघा भावंडांना मध्य प्रदेशातल्या जनवार गावाची गोष्ट सांगितली. पन्ना जिल्ह्यातल्या या लहानशा गावात २०१५ साली उल्रिके राइनहार्ट या जर्मन बाईंनी मुलांसाठी स्केटबोर्डचे मैदान बांधले. तिथे दोन नियम. पहिला, शाळा नाही तर स्केटबोर्डही नाही. दुसरा, मुली आधी. याच गावातली आशा गोंड ही मुलगी पुढे २०१८ साली चीनमध्ये जागतिक स्पर्धेत खेळून आली. आणि आपला महाराष्ट्रही मागे नाही हं! २०२२ साली गुजरातमध्ये झालेल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत पुण्याच्या श्रद्धा गायकवाडने स्केटबोर्डचे सुवर्णपदक जिंकले. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये, २०२१ साली, हा खेळ पहिल्यांदा आला, तेव्हा मुलींच्या एका प्रकारात सोने जिंकणारी जपानची मोमिजी निशिया अवघी १३ वर्षांची होती.

बंड्याची बहीण हे सगळे कान देऊन ऐकत होती. मग भावाकडे वळून म्हणाली, "दादा, मुली आधी!" तेव्हा कळले, दिवाळीपासून बिचारीला ना टीव्हीवर पाळी मिळाली होती ना गाडीवर. गल्लीत शिरताच ती गाडीवर चढली. उभी नाही, बसून. बंड्या बाजूने धावत होता, हात पुढे करून.

सोमवारी मी वर्गातली शिडी काढली. तिच्या जागी प्रत्येक मुलाला एक कार्ड दिले. त्यावर दहा छोटे उतारे, सोप्याकडून अवघडाकडे. रोज दोन मिनिटे वाचायचे. उतारा जमला की बरोबरची खूण. नाही जमला तर काहीच लिहायचे नाही, उद्या पुन्हा. कार्ड दप्तरात राहते, भिंतीवर नाही. लाल शाईचे पेन मी कपाटात ठेवून दिले. लगेच जादू झाली का? छे! बंड्या अजून अडखळतो. टीव्हीसमोर बसायची वेळ आईने रोज अर्धा तास ठरवून दिली आहे, त्यावरून घरी अजून कुरबुरी होतात. पण तो शाळेत येतो, आणि पोट दुखत नाही.

चौथा उतारा पाचबत्तीचा आहे. त्यात 'हुतात्मा' हा शब्द येतो. परवा बंड्या तिथे अडला. "हुता... हुतात..." वर्गात कोणी हसले नाही, कोणी पुढचे सांगितलेही नाही. सगळे थांबले. त्याने श्वास घेतला, पुन्हा मागून धावत आला आणि म्हणाला, "हुतात्मा!" कितव्यांदा जमले म्हणून विचाराल, तर मला माहीत नाही. मी मोजलेच नाही. कार्डावर चौथ्या उताऱ्यापुढे खूण केली, एवढेच.

आणि हो, जाता जाता एक सांगते. बेअरिंगची गाडी केलीत तर मोठ्या माणसांना दाखवून करा. वाहने नसलेली बंद जागा शोधा, डोक्याला हेल्मेट आणि गुडघ्यांना जाड कापड बांधा, आणि मोठ्या रस्त्यावर तर मुळीच नेऊ नका. तिथे उठून पुन्हा पहिल्यापासून खेळायला मिळत नाही. आणि घरात धाकटी बहीण असेल, तर पहिली पाळी कोणाची ते तुम्हाला आता ठाऊक आहेच!